‘ह्या लेकरांची माय कुठंय?’ : नाताळच्या सेवा-सहलीबद्दल शाळेला खुले पत्र

पुणे, रविवार, २४ ऑगस्ट २०२५

आदरणीय प्रिन्सिपल मॅडम, विश्वस्त मंडळाचे सदस्य आणि पालक-शिक्षक संघातले सहपालक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर नाताळच्या ‘फॅमिली सर्व्हिस ट्रिप’चं पत्रक आलं. थायलंड आणि कंबोडियाची जुलैअखेर सीमेवर लढाई झाली, म्हणून यंदा कंबोडियातल्या सिएम रीपऐवजी नेपाळातलं काठमांडू. बाकी मजकूर मागच्याच वर्षीचा. सात रात्री, त्यातले चार दिवस एका बालगृहात ‘सेवा’, उरलेले दिवस स्थलदर्शन, आणि शेवटी प्रत्येक मुलाला ४० तासांचं प्रमाणपत्र. नावं १५ सप्टेंबरपर्यंत द्यायची आहेत. पत्रकावर मागच्या सहलीचा फोटो छापलाय. त्यात डावीकडून तिसरी मी आहे. माझ्या मांडीवर चारेक वर्षांची एक मुलगी आहे आणि तिच्या डोक्यावर सांताक्लॉजची लाल टोपी. त्या मुलीचं नाव मला आज आठवत नाही. मी हे पत्र लिहायला बसले ती त्या फोटोमुळे.

आधी माझा वाटा कबूल करते, कारण तो मोठा आहे. मागच्या वर्षी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ह्या सहलीची सगळ्यात जास्त भलामण मीच केली होती. ‘मुलांना आपण किती सुखात आहोत ते कळेल’ हे वाक्य माझं. तीन कुटुंबांनी केवळ माझ्या शब्दाखातर नावं दिली. आम्ही स्वतः पाच जण गेलो: आम्ही दोघं, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. मुंबई, बँकॉक, सिएम रीप. तिकिटं, संस्थेची ‘सेवा फी’, हॉटेल आणि देणगी धरून सव्वासहा लाख रुपये झाले. शिवाय बॅगा भरून वह्या, टूथपेस्ट आणि खडूच्या पेट्या. सिएम रीपच्या कुठल्याही बाजारात ह्या वस्तू मिळतात आणि तिथे घेतल्या असत्या तर चार पैसे तिथल्या दुकानदाराला मिळाले असते. हे आम्हाला तिथल्या बाजारात उभं राहिल्यावर कळलं.

ती संस्था कुठली, हे मी सांगणार नाही. तिथली माणसं आमच्याशी वाईट वागली नाहीत. मुलं नीटनेटकी होती, जेवण गरम होतं. खुपणाऱ्या गोष्टी छोट्या होत्या आणि मला त्या दिसायला दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी माझ्या मुलाला छोट्यांना इंग्रजी मुळाक्षरं शिकवायचं काम मिळालं. तेव्हा तो पाचवीत होता. त्याने फळ्यावर ‘ए’ काढला आणि ‘ए फॉर’ एवढंच म्हणाला, तर समोरच्या वीस मुलांनी एका दमात झेडपर्यंत सगळं म्हणून दाखवलं आणि शेवटी स्वतःच टाळ्या वाजवल्या. ‘व्हेरी गुड’ हेसुद्धा त्यांनीच म्हणून टाकलं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. आता काय शिकवू? संस्थेच्या बाई हसत म्हणाल्या, परत म्हणून घ्या. मग चार दिवस तेच. आमच्या आधीच्या आठवड्यात सिंगापूरचा गट येऊन गेला होता, त्यांनीही तेच शिकवलं असणार. आमच्यानंतर कोण येणार ते कार्यालयातल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं होतं. जानेवारीच्या मध्यापर्यंत एकही आठवडा मोकळा नव्हता.

दुसरी गोष्ट माझ्या मुलीच्या लक्षात आली. कंबोडियात नाताळची सुट्टी नसते. देश बौद्ध आहे, २५ डिसेंबर हा तिथे कामाचा दिवस, आणि त्या वर्षी तर तो बुधवार होता. शाळा नोव्हेंबरात सुरू झालेल्या. तिथल्या बऱ्याच सरकारी शाळा जागेअभावी दोन पाळ्यांत भरतात, निम्मी मुलं सकाळी, निम्मी दुपारी. मग सकाळी साडेनऊला गेलो तरी सगळी मुलं हजर आणि दुपारी दोनला गेलो तरीही सगळी हजर, हे कसं? तिने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘तुम्ही आलात म्हणून.’ आमच्या मुलांना सुट्टी होती, म्हणून त्यांच्या मुलांची शाळा बुडाली. आणि त्या बदल्यात आम्ही त्यांना काय दिलं, तर ए फॉर ॲपल.

तिसरी गोष्ट सांताच्या टोप्यांची. बाहेर तिशीतलं ऊन. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एका खोक्यातून टोप्या निघाल्या, फोटो झाले, मुलींनी करवंट्यांचा नाच केला, आम्ही देणगीच्या पेटीत डॉलर टाकले. मग टोप्या गोळा होऊन पुन्हा खोक्यात गेल्या. खोक्यावर मार्करने मोजणी लिहिलेली होती. आमच्याकडे गणपतीच्या मखराचं सामान माळ्यावर जातं, तसं.

आता सासूबाईंबद्दल. त्यांना आम्ही नेलं ते अंकोर वाट बघायला. बालगृहात त्या ‘सेवा’ वगैरे करायच्या फंदात पडल्या नाहीत. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या मावशींशेजारी लसूण सोलत बसल्या. एकीला ख्मेर येते, एकीला मराठी. तरी दोघींचं काही ना काही चालायचं. तिसऱ्या दिवशी आमच्या टुकटुकवाल्याला त्यांनी आत बोलावून दुभाषा केलं, कारण त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता. ‘ह्या लेकरांची माय कुठंय?’

मावशींनी काही लपवलं नाही. कुणाची आई सीमेवरच्या पोइपेट गावाच्या पलीकडे, थायलंडात मजुरीला. कुणाची टोनले साप तळ्याकाठच्या गावात मासे सुकवते. दोघा भावांचे वडील वारलेत, आई आहे. एकाचं खरंच कुणी नाही. आणि मग त्या सहज म्हणाल्या की प्चुम बेनला इथे शुकशुकाट असतो, सगळी पोरं घरी जातात.

प्चुम बेन म्हणजे त्यांचा पितृपक्ष. नुसता त्यासारखा नव्हे, तिथीनेही तोच. त्यांच्या फोत्रबोत महिन्याच्या वद्य पक्षात पंधरा दिवस पितरांना पिंड द्यायचे आणि अमावस्येला सगळ्या कुटुंबाने गावच्या पॅगोडात जमायचं. फोत्रबोत हा आपला भाद्रपद. सासूबाईंना हे ऐकून आधी भलताच आनंद झाला, आणि मग लसणाची पाकळी हातात तशीच राहिली. ‘पित्तरपाटाला घरी जाणारं लेकरू अनाथ कसं गं?’

त्यांनी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी निम्मं गाव रिकामं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घ्यायची आणि कारखान्याचा रस्ता धरायचा. मुलं एक तर फडावर, नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी. पुढे हंगामी वसतिगृहांची योजना आली. मूल गावातच राहतं, शाळेत जेवतं, शाळा बुडत नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आई-बाप परततात. योजनेत भानगडी किती होतात ते सासूबाईंकडून ऐकावं, कागदावर जेवणारी मुलं त्यांनीही पाहिली आहेत. पण त्या मुलांना अनाथ म्हणून कुणी पाहुण्यांपुढे नाचवलं नाही. त्या रात्री हॉटेलात त्या एवढंच म्हणाल्या, ‘कोयत्यावर गेलेल्याची पोरं अनाथ म्हणायची ठरली, तर माझा अख्खा वर्ग अनाथ होता.’

परत आल्यावर मी वाचायला घेतलं. हे आधी करायला हवं होतं, आणि शाळेनेही करायला हवं होतं, कारण सगळं उघड्यावर पडलेलं आहे. १९७५ ते १९७९ ह्या काळात ख्मेर रूजच्या राजवटीने कंबोडियात खरोखरच लाखो मुलं पोरकी केली. ती मुलं आज पन्नाशी-साठीची आहेत. त्यानंतर देश सावरला, गरिबी कमी होत गेली. तरीही २००५ ते २०१० ह्या पाच वर्षांत तिथली अनाथालयं १५४ वरून २६९ झाली. ना युद्ध, ना महापूर. वाढले ते पर्यटक. युनिसेफच्या पाहणीत दिसलं की ह्या संस्थांतल्या दर चार मुलांतल्या तिघांची आई किंवा वडील, किंवा दोघंही, जिवंत आहेत. पुढे सरकारने मोजदाद केली तेव्हा ४०६ संस्थांत १६,५७९ मुलं निघाली. सरकारनेच मग मुलांना घरी परत पाठवायचं धोरण आखलं.

आई-बाप मुलं का पाठवतात, ह्याचं उत्तर सासूबाईंना कुठल्याही अहवालाशिवाय ठाऊक होतं. तिथे जेवण मिळेल, इंग्रजी मिळेल, शाळा मिळेल. कर्जात बुडालेल्या घराला कुणी येऊन म्हणालं की तुमचं पोर शहरात शिकवतो, तर ते नाही का म्हणतील? आणि संस्थेला मुलं हवीच असतात, कारण मुलं नसली तर पाहुणे येत नाहीत आणि पाहुणे नसले तर पेटी भरत नाही. म्हणजे आम्ही गेलो म्हणून ती मुलं तिथे होती. आम्हाला वाटत होतं ती तिथे आहेत म्हणून आम्ही गेलो.

‘मुलं ही पर्यटनस्थळं नव्हेत’ अशी मोहीम फ्रेंड्स-इंटरनॅशनल ह्या संस्थेने कंबोडियात २०११ मध्येच सुरू केली होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयं भरण्यासाठी होणारी मुलांची ने-आण ही गुलामगिरीच्याच खात्यात धरली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांचा ठराव केला, त्यात अनाथालयांतल्या ह्या स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याचा उल्लेख आहे. हे सगळं होऊन गेल्यावर आपलं पत्रक छापलं गेलं.

मांडीवरच्या त्या मुलीकडे परत येते. गेट उघडून मी आत गेले आणि दहाव्या मिनिटाला ती माझ्या गळ्यात होती. मला भरून आलं होतं. स्टेटसवर फोटो टाकला, खाली बदाम आणि हात जोडलेल्यांची रांग लागली. आज विचार करते, माझी मुलं चार वर्षांची असताना अनोळखी बाईच्या गळ्यात अशी पडली असती का? माझा मुलगा तर मावशीकडे जायलासुद्धा तासभर घ्यायचा. दर आठवड्याला नवी माणसं येतात, जीव लावतात आणि रविवारी विमानात बसतात. अशा जागी वाढणारी मुलं कुणालाही चटकन बिलगतात, आणि हे प्रेमळपणाचं नव्हे तर तुटलेपणाचं लक्षण असतं, असं बालमानसशास्त्राचे लोक कधीपासून सांगतायत. निरोपाच्या दिवशी ती रडली नाही. तेव्हा मला वाटलं, किती शहाणी आहे.

मॅडम, आपल्या शाळेच्या गेटवर मला माझ्याच मुलाला न्यायचं असेल तर ओळखपत्र दाखवावं लागतं. बसचा ड्रायव्हर, अटेंडंट ताई, कँटीनचा पोऱ्या, सगळ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन होतं, आणि ते योग्यच आहे. सिएम रीपमध्ये आमच्या अठरा जणांच्या गटाकडून कुणीही एक कागद मागितला नाही. पासपोर्टची झेरॉक्स घेतली ती हॉटेलने. उद्या परदेशातले वीस प्रवासी शाळेत आले, केजीच्या वर्गात शिरले, मुलांना उचलून फोटो काढायला लागले, तर आपण काय कराल? आणि फोटोंचं म्हणाल तर आपल्या देशात बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं छायाचित्र प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंबोडियातली मुलगी त्या कलमात बसते की नाही हा वकिलांचा विषय. पण मिरजेतल्या बालगृहातल्या मुलीचा जो चेहरा आपण छापणार नाही, तो सिएम रीपमधल्या मुलीचा पत्रकावर कसा छापतो? माझी पहिली विनंती हीच आहे: ते पत्रक मागे घ्या आणि शाळेच्या इन्स्टाग्रामवरची मागच्या वर्षीची रील काढून टाका. माझे फोटो मी काढून टाकलेत.

जाता जाता एक कबुली. परदेशाला नावं ठेवणं सोपं आहे. आपल्याकडेही वाढदिवसाला केक आणि पुरणपोळ्या घेऊन आपण आश्रमात जातोच. मुलं रांगेत बसून अनोळखी मुलासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणतात आणि मग जेवतात. आमच्या घरी हे तीन वर्षं झालं. सिएम रीपहून परतल्यावर थांबलं.

काठमांडूचं तरी वेगळं असेल, असं मला दोन पालक म्हणाले. नाही हो. १९९६ ते २००६ च्या माओवादी युद्धात हुमलासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून दलालांनी आई-बापांकडून पैसे घेतले आणि ‘शाळेत घालतो’ म्हणून मुलं काठमांडूत आणली. बऱ्याच मुलांना अनाथ म्हणून दाखवलं गेलं. कॉनर ग्रेनन ह्या अमेरिकी स्वयंसेवकाने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ संस्था काढली ती अशाच मुलांची घरं शोधून त्यांना परत पोचवायला. तोही आधी आपल्यासारखाच बालगृहात ‘सेवा’ करायला आलेला. नेपाळातली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन अशा मोजक्या जिल्ह्यांत एकवटली आहेत. पोरकेपण काय फक्त पर्यटकांच्या वाटेवर येतं? २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला परवानगीशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली. तिथे पर्यटक व्हिसावर स्वयंसेवेला परवानगीच नाही. आपल्याला व्हिसा लागत नाही, एवढाच काय तो आपला फायदा.

मग मुलांना सेवा शिकवायचीच नाही का, असं उपप्राचार्य सरांनी मला फोनवर विचारलं. त्यांचा राग मला समजतो. ह्या सहलीसाठी ते गेली तीन वर्षं राबतायत आणि त्यांच्या मनात खोट नाही. पण सर, मागच्या सहलीत खरी सेवा म्हणावी अशी एकच गोष्ट घडली, आणि ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. अंकोरच्या रस्त्यावर जयवर्मन सातवा ह्या नावाचं मुलांचं मोठं रुग्णालय आहे, बेआत रिश्नर ह्या स्विस डॉक्टरांनी उभ्या केलेल्या कांथा बोफा रुग्णालयांपैकी एक. मुलांवर तिथे मोफत उपचार होतात. डॉक्टरसाहेब दर शनिवारी पर्यटकांसाठी चेलो वाजवायचे आणि सांगायचे, तरुणांकडून मला रक्त हवंय आणि वयस्करांकडून पैसे. २०१८ मध्ये ते गेले. रक्त अजून लागतं. माझा नवरा रिकाम्या दुपारी तिथे जाऊन रक्त देऊन आला. पाऊण तास लागला, बिस्किटं मिळाली. कुणाच्या गळ्यात पडायचं नाही, फोटो नाही. अंकोरच्या प्रत्येक तिकिटामागे दोन डॉलर ह्याच रुग्णालयांना जातात. म्हणजे नुसते पर्यटक म्हणून गेलो असतो, तरी काहीतरी पोचलंच असतं.

आणि मुलं शिकली ती कशातून? मुलगा रात्रभर बोलत होता ते अपोपो ह्या संस्थेच्या उंदरांबद्दल. जमिनीतले सुरुंग वासाने हुडकणारे हे मोठे आफ्रिकन उंदीर. त्यांच्यातल्या मगावाला २०२० मध्ये शौर्यासाठी सुवर्णपदक मिळालं होतं. मुलगी बोलत होती ती फारे सर्कशीबद्दल. निर्वासितांच्या छावणीतून परतलेल्या तरुणांनी १९९४ मध्ये बात्तंबांग शहरात कलाशाळा काढली, तिच्यातून ही सर्कस उभी राहिली. तिकीट काढायचं, कसरती बघायच्या, टाळ्या वाजवायच्या. तिथे तरुण कलाकार स्वतःच्या हिमतीवर पैसे कमावतात आणि आपण चक्क प्रेक्षक असतो. मला वाटतं त्या चार ‘सेवा’ दिवसांपेक्षा हा दीड तास जास्त सभ्य होता.

तेव्हा सहल काढा. जरूर काढा, काठमांडूला काढा, भक्तपूर बघा, मोमो खा, तिथल्या दुकानात खरेदी करा. बालगृह तेवढं यादीतून काढा. सेवेचे तास मुलांना हवेच असतील तर ते वर्षभराचे असू देत आणि इथले, जिथे पुढच्या मंगळवारी पुन्हा तोंड दाखवावं लागतं. आपल्या शाळेमागे बांधकाम मजुरांची वस्ती आहे. तिथली, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या साखरशाळेच्या धर्तीवरची शाळा शिक्षक नाही म्हणून दोनदा बंद पडली. सासूबाई म्हणतात, आठवड्यातून तीन दुपारी मी जाईन, पण मोठी मुलं सोबत द्या आणि वर्ष संपेपर्यंत द्या. चार दिवसांसाठी आलेल्यांना त्या स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसवणार आहेत, हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही, ती इथेच लिहून टाकते. जुलैच्या लढाईनंतर थायलंडातले लाखो कंबोडियन मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन मायदेशी परतले. टीव्हीवर पोइपेटची ती गर्दी बघताना मी बायकांचे चेहरे शोधत होते, जसं काही मला ओळखता येणार होतं. त्यातली कुणी तरी त्या बालगृहातल्या मुलांपैकी कुणाची तरी आई असेल. हाताला काम नाही, डोक्यावर कर्ज. ती मुलाला घरी नेईल, की धाकट्यालाही तिथे आणून सोडेल? यंदा सर्वपित्री २१ सप्टेंबरला आहे. प्चुम बेनही तेव्हाच.

गणपतीत कुणालाच वेळ नसणार. विसर्जनानंतरच्या आठवड्यात पालक-शिक्षक संघाची बैठक लावावी, नाव नोंदणीची १५ सप्टेंबरची मुदत तोवर थांबवावी, ही विनंती. मागच्या वर्षी माझ्या शब्दावर आलेल्या तीन कुटुंबांशी मी स्वतः बोलले आहे. एक माझ्यासोबत आहे, एक विचार करतंय, एक माझ्याशी बोलत नाही.

सोबत माझ्या मुलीचं प्रमाणपत्र परत पाठवत आहे. त्यावर ४० तास लिहिलेत. तिने डायरी काढून बेरीज केली तर साडेसोळा भरले, आणि त्यातले तीन तास त्या मुली आमच्यासाठी नाचत होत्या.

आपली,
दहावी आणि सहावीतल्या दोन मुलांची आई